डांबराच्या गोळ्यांचा वास

नमस्कार श्रोतेहो.

मुंबईत पावसानं जोर धरला की घरोघरी एक वास सुटतो. मातीचा नव्हे. पोटमाळ्यावरून उतरवलेल्या ट्रंकेचा, म्हणजे डांबराच्या गोळ्यांचा. गोधड्या, शाली, जपून ठेवलेली दुपटी, सगळ्यांना तोच वास.

असाच एका जुलैत आमच्या लॅबमध्ये वीस दिवसांच्या बाळाच्या रक्ताचा नमुना आला. मुलगी बाळंतपणाला गिरगावात माहेरी आलेली. बाळ हळदीसारखं पिवळं, आणि लंगोटावर कोऱ्या चहासारखे डाग. मी काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. तांबड्या पेशी एरवी कशा गोल गरगरीत दिसतात! इथे बऱ्याच पेशींचा कडेचा लचका गेलेला. ताटातल्या भाकरीचा कुणी घास मोडून न्यावा, तशा.

तांबडी पेशी हा मोठा विचित्र जीव. पोटात जास्तीत जास्त हिमोग्लोबिन मावावं म्हणून ती आपलं केंद्रकच टाकून देते. मग सुमारे १२० दिवस फिरत राहायचं ते जन्मताना मिळालेल्या शिदोरीवर. एखादं प्रथिन बिघडलं तर नवं बनवायची सोय नाही. त्यात तिचं काम लोह आणि ऑक्सिजन एकत्र वागवण्याचं. समुद्राकाठी राहणाऱ्यांना लोखंडाचं काय होतं ते सांगायला नको. खिडकीचे गज बघा. गजांना रंग लावतो तसं या पेशीला ग्लुटाथायोन नावाचं एक द्रव्य सांभाळतं. हा रंग सारखा खरवडला जातो, सारखा नव्यानं लावावा लागतो. ते काम ज्याच्या जिवावर चालतं त्या एन्झाइमचं नाव जी-सिक्स-पीडी. नाव रुक्ष आहे, पण लक्षात ठेवा.

काही जणांत हा रंगारी जन्मतःच कमजोर असतो. जगात अशी माणसं अंदाजे ४० कोटी. मुंबईच्या पारशी समाजात हे प्रमाण जास्त आहे, पण कमतरता सगळ्याच समाजांत सापडते. एरवी यांना काही त्रास नसतो. मात्र डांबराच्या गोळ्यांतलं नॅफ्थलीन अंगात गेलं, म्हणजे हुंगून, कातडीतून किंवा गिळून, की यकृतात त्याचे जे पदार्थ बनतात ते थेट पेशीवर घाला घालतात. हिमोग्लोबिन नासतं, त्याच्या गुठळ्या पेशीच्या भिंतीला आतून चिकटतात. प्लीहेतून जाताना त्या गुठळ्या ओरबाडून काढल्या जातात. काचेवर दिसले ते हेच लचके. अशा पेशी फार टिकत नाहीत. काही तर रक्तवाहिनीतच फुटतात, आणि लघवी काळपट होते.

बाळाची आजी मला भेटायला आली. हातात पिशवी, पिशवीत दुपटं. म्हणाली, "डॉक्टरबाई, याच दुपट्यात याची आई वाढली. तिला कसं काही झालं नाही?"

प्रश्न चोख होता. या एन्झाइमचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. आईकडे एक्स दोन. एक बिघडला तरी दुसऱ्यावर बऱ्याचशा पेशी निभावून नेतात. मुलाकडे एक्स एकच, तोही आईकडून आलेला. शिवाय या बाळाला रोज तेलाचं मॉलिश करून लगेच त्या दुपट्यात गुंडाळत होते, आणि तेलकट कातडीतून नॅफ्थलीन जास्त शिरतं. आजींच्या मायेत खोट नव्हती, वासाकडे कुणाचं लक्ष नव्हतं इतकंच.

गंमत म्हणजे जी-सिक्स-पीडीची पहिली तपासणी नॉर्मल आली. इथे भलेभले फसतात. म्हाताऱ्या, दुबळ्या पेशी आधीच मेलेल्या असतात, आणि उरलेल्या तरुण पेशींत एन्झाइम बऱ्यापैकी असतं. म्हणून रिपोर्टवर मी लिहिलं, तीन महिन्यांनी पुन्हा करा. केली, आणि कमतरता निघाली. बाळ तोवर निळ्या दिव्याखाली राहून, रक्त चढवून, घरी जाऊन बाळसं धरत होतं.

हीच गोष्ट मलेरियाच्या प्रायमाक्विनची. व्हायव्हॅक्स मलेरियात यकृतात दडलेले जंतू मारायला ही गोळी साधारण १४ दिवस देतात, आणि ती पूर्ण घ्यायलाच हवी. ही कमतरता पहिल्यांदा कळली तीही या गोळीमुळेच, १९५६ साली अमेरिकेत. म्हणून गोळी सुरू करण्याआधी ही तपासणी करायची का, ते डॉक्टरांना विचारा. मध्येच लघवी कोकाकोलासारखी झाली, तर पुढची गोळी न घेता तडक दवाखाना गाठा.

आता एक घरगुती प्रयोग. बाजारातली प्रत्येक पांढरी गोळी नॅफ्थलीनची नसते. ग्लासभर पाण्यात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घाला आणि गोळी सोडा. साध्या पाण्यात बुडणारी पण या खाऱ्या पाण्यात तरंगणारी गोळी बहुधा नॅफ्थलीनची. दोन्हीकडे बुडाली तर दुसऱ्या रसायनाची, पण तीही मुलांच्या हाती नकोच. ग्लास नंतर प्यायला वापरू नका, हे सांगायला हवं, कारण आमच्याच घरी एकानं तो भरून घेतला होता.

आजींना मी म्हटलं, कपडे धुऊन कडक उन्हात वाळवा, वास पुरता जाईपर्यंत बाळाजवळ नकोत. त्यांनी खिडकीबाहेर कोसळणाऱ्या पावसाकडे पाहिलं. "जुलैत ऊन कुठून आणू?" शेवटी जावई दादरला गेले आणि सहा नवी दुपटी घेऊन आले.