तलवार विकणारी मुलगी

(थेट खेळाच्या रेकॉर्डिंगवर सुरुवात. दुकानाचा काउंटर, समोर एक लहान मुलगी. संगीत खेळातलंच.)

ही आजची पहिली गिऱ्हाईक. फळीवरची एक वस्तू हिच्या मनात भरलीय. वस्तूची मूळ किंमत पडद्यावर दिसतेय, पण विकायची किती रुपड्यांना, हे आपण ठरवायचं. आम्ही मूळ किमतीच्या १३० टक्के लावले. मुलगी नाही म्हणाली. थोडे कमी केले. आता तिचा चेहरा बघा. गेलीच ती.

अजून एकही राक्षस दिसलेला नाही, आणि आम्ही पहिली लढाई हरलो आहोत.

(शीर्षक.)

या खेळाचं नाव 'रेसेटिअर: ॲन आयटम शॉप्स टेल'. तलवारी, ढाली, औषधाच्या बाटल्या अशा वस्तूंचं दुकान चालवायचा खेळ. साहसाच्या खेळांमध्ये असं दुकान प्रत्येक गावात असतं. नायक धावत येतो, जुनी तलवार टाकतो, नवी घेतो, निघून जातो. काउंटरमागचा माणूस दर वेळी तेच एक वाक्य बोलतो. घरभाडं त्यालाही असेल, त्याचाही माल कधी पडून राहत असेल, हे कोणी विचारत नाही. इथे कॅमेरा त्याच्या बाजूला आहे. म्हणजे तिच्या बाजूला.

(रेसेट आणि टिअर यांचं पहिलं संभाषण. दोघींची चित्रं पूर्ण पडदाभर.)

ही रेसेट लेमनग्रास. वडील साहसी वीर व्हायला म्हणून घर सोडून गेले ते परतलेच नाहीत. मागे राहिलं कर्ज. आणि ही पंखवाली परी म्हणजे टिअर, टेर्म फायनान्स नावाच्या सावकारी कंपनीची वसुली अधिकारी. परीकथांमध्ये परी वर द्यायला येते. ही हप्ते मोजायला आलीय. घर जप्त करण्याऐवजी तिने एक तोड काढली: घराच्या खालच्या भागात दुकान थाटायचं आणि त्यातून कर्ज फेडायचं. दुकानाचं नाव दोघींची नावं जोडून. रेसेट अधिक टिअर, रेसेटिअर.

नावांची आणखी एक गंमत आहे. 'रेसेट' या फ्रेंच शब्दाचा एक अर्थ पाककृती, आणि दुसरा अर्थ दिवसभरात गल्ल्यात जमलेली रक्कम. 'टेर्म' म्हणजे मुदत. मुलीच्या नावातच गल्ला आणि सावकाराच्या नावातच तारीख.

(हप्त्यांचं वेळापत्रक. आकडे वाचता येतील इतका वेळ दृश्य थांबवावं.)

हे वेळापत्रक. चलन आहे पिक्स. पहिल्या आठवड्याअखेर १०,०००. दुसऱ्या, ३०,०००. तिसऱ्या, ८०,०००. मग २ लाख. आणि पाचव्या आठवड्यात ५ लाख. एकूण ८ लाख २० हजार. पहिला हप्ता भरताना आम्हाला वाटलं, जमतंय की. दुसरा भरतानाही तसंच वाटलं. सावकार लोकांना हेच हवं असतं.

(दुकान उघडणं. गिऱ्हाइकांची ये-जा. पुढचं निवेदन सावकाश, सौद्यांच्या दृश्यांवर.)

दिवसाचे चार प्रहर. दुकान उघडं ठेवलं की एक प्रहर गेला. खिडकीजवळच्या फळीवर चांगला माल मांडायचा, कारण रस्त्यावरून जाणाऱ्याला तोच दिसतो. भिंतींचा कागद, फरशी, मांडणीची टेबलं हेही बदलता येतं, आणि त्यानुसार दुकानाचा एकूण रंगढंग बदलतो. इथे आम्ही अर्धा तास फक्त फरशी निवडत होतो. ते सगळं रेकॉर्ड झालंय, पण तुम्हाला दाखवत नाही.

आता घासाघीस. गिऱ्हाईक वस्तू पुढे करतं, आपण आकडा सांगतो. त्याच्या मनात एक आकडा असतो आणि तो आपल्याला दिसत नाही. आपला आकडा फार वर गेला तर ते मान हलवतं. आणखी एखादी संधी मिळते, मग पाय दाराकडे. लहान मुलीच्या मुठीत मोजके पिक्स असतात. साध्या माणसाला थोडा चढा दर चालतो. ॲल्युएट नावाची एक श्रीमंत मुलगी येते, तिच्यापुढे कितीही शून्यं लावायला जीभ अडखळत नाही.

(एकाच गिऱ्हाइकाचे तीन सौदे, एकामागे एक.)

हा माणूस बघा. पहिल्यांदा आम्ही ताणलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा त्याच्या मनातल्या आकड्याच्या अगदी जवळ गेलो, आणि त्याने पहिल्या फटक्यात होकार दिला. पिक्स कमी मिळाले, पण दुकानदारीचा अनुभव जास्त मिळाला. असे घासाघीस न होता झालेले सौदे एकापाठोपाठ एक जमत गेले की अनुभवाचे गुण चढत जातात. दुकानदार म्हणून आपली पातळी वाढते, आणि पातळी वाढली की नव्या गोष्टी खुल्या होतात: गिऱ्हाइकांकडून जुना माल विकत घेणं, आगाऊ मागणी नोंदवून घेणं, दुकानाची डागडुजी. शिवाय ज्याला बरं वागवलं तो पुढच्या वेळी जास्त पैसे घेऊन येतो.

म्हणजे पिळून घेतलेला नफा आज दिसतो, आणि सोडलेला नफा दोन आठवड्यांनी. अडचण एवढीच, की हप्ता या आठवड्यात आहे.

(बाजारभावाची बातमी. लाल आणि निळ्या रंगातल्या किमती.)

अधूनमधून बातमी येते. अमुक प्रकारच्या मालाचा भाव चढला, तमुकचा कोसळला. कोसळला तो माल भरून ठेवायचा. चढला तो बाहेर काढायचा. अशा वेळी मूळ किमतीच्या दुपटीहून जास्त दर लावला तरी लोक घेतात. आम्ही एकदा पडलेल्या भावात गोदाम भरलं आणि भाव वर यायची वाट बघत बसलो. फळीवर धूळ, गल्ल्यात खडखडाट. व्यापारी संघाच्या दुकानात माल मूळ किमतीपेक्षा स्वस्त मिळतो हे खरं, पण स्वस्त मिळालेला माल म्हणजे अडकलेला पैसाच, हे आम्हाला तिसऱ्या आठवड्यात कळलं.

(लुईचा प्रवेश. मग डंजनचं दार.)

आणि हा लुई. तलवारबाज, मनाने चांगला, खिसा कायम रिकामा. फळीवरचा माल संपत आला की याला सोबत घेऊन डंजनमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या भुलभुलैयात उतरायचं. यात दोन प्रहर जातात, म्हणजे तेवढा वेळ दुकान बंद. लढतो लुई. रेसेट त्याच्यामागे पिशवी घेऊन चालते आणि राक्षसांनी टाकलेलं, पेट्यांमध्ये सापडलेलं सगळं भरते. मजल्यांची रचना दर वेळी नवी. दर पाच मजल्यांनी एक मोठा राक्षस, आणि त्याला हरवलं की परतायची वाट. लुई आडवा झाला तर जमवलेल्यातली एकच वस्तू घेऊन घरी यायचं, बाकी तिथेच.

लढाईचा भाग साधा आहे, उगाच तारीफ करणार नाही. खोल्या एकसारख्या दिसतात, कॅमेरा कधीकधी अडतो. पण पुढचं दृश्य बघा.

(लुई दुकानात. तलवारीचा सौदा. लगेच पुढच्या डंजन फेरीतला लुई, हातात तीच तलवार.)

सकाळी लुई गिऱ्हाईक म्हणून आला. त्याच्याकडे पैसे कमी. आम्ही ही तलवार जवळजवळ खरेदीच्या भावात दिली, एका श्रीमंत गिऱ्हाइकाला थांबवून. संध्याकाळी त्याच्याच सोबत डंजनमध्ये उतरलो, तर त्याच्या हातात ती तलवार होती. काल ज्या राक्षसाला सहा घाव लागत होते, तो तीन घावांत पडला. त्याच्या अंगातून पडलेला माल पिशवीत, पिशवी दुकानात, दुकानातून पुन्हा कोणाच्या तरी हातात.

आम्ही हे रेकॉर्डिंग पाच वेळा मागे घेऊन बघितलं. दुकान आणि डंजन हे दोन वेगळे खेळ चिकटवलेत असं तोवर वाटत होतं. सांधा इथे आहे.

(जुन्या खेळांच्या पेट्या आणि कार्ट्रिज, जवळून.)

ही कल्पना आकाशातून पडलेली नाही. दर वेळी नवी रचना होणारा भुलभुलैया १९८०च्या 'रोग' नावाच्या खेळापासून चालत आला. आणि दुकानदार? जपानमध्ये १९९० साली आलेल्या 'ड्रॅगन क्वेस्ट ४'मधलं एक अख्खं प्रकरण टॉर्नेको नावाच्या लठ्ठ, संसारी माणसाचं आहे. तो शस्त्रांच्या दुकानात नोकरी करतो आणि स्वतःच्या दुकानाची स्वप्नं बघतो. लोकांना तो इतका आवडला की १९९३मध्ये त्याच्या नावावर वेगळा खेळ निघाला: भुलभुलैयात उतरायचं, माल आणायचा, दुकान वाढवायचं. रेसेट त्याच घराण्यातली. फरक एवढाच की टॉर्नेकोच्या मागे मोठी कंपनी होती.

(छापील डिस्कचं वेष्टन. मग मूळ जपानी शीर्षकाचा पडदा.)

रेसेटच्या मागे होता इझीगेमस्टेशन हा जपानी हौशी गट. जपानीत अशा स्वतःच बनवून स्वतःच विकण्याच्या परंपरेला 'दोजिन' म्हणतात. टोकियोतला कॉमिकेट हा त्या परंपरेचा सर्वांत मोठा बाजार, १९७५पासून चालू. २९ डिसेंबर २००७ला, ७३व्या कॉमिकेटमध्ये हा खेळ विक्रीला आला. मूळ जपानी उपशीर्षकाचा अर्थ साधारण असा: 'आयटमचं दुकान कसं सुरू करावं'. टेबलामागे उभं राहून आपलाच माल विकणाऱ्यांनी टेबलामागे उभं राहणाऱ्या मुलीचा खेळ केला. ही मंडळी घासाघिशीत इतकी रमली आणि राक्षसांच्या खोल्यांत कमी, याचं आम्हाला तरी आश्चर्य वाटत नाही.

(इंग्रजी आवृत्तीतले संवाद, एकेक करून.)

जपानबाहेर तो पोहोचला कार्पे फुल्गुरमुळे. हे लॅटिन नाव, अर्थ 'वीज पकड'. नाव भारदस्त, माणसं दोन: अँड्रू डाइस आणि रॉबिन लाइट-विल्यम्स. भाषांतर लाइट-विल्यम्स यांचं, लेखन आणि संपादन डाइस यांचं. या पडद्यावरच्या ओळी वाचा. रेसेट जे बोलते ते शब्दकोशातलं इंग्रजी नाही. ती आनंदाने नवे शब्द पाडते, मोठ्या शब्दांची मोडतोड करते, आणि टिअर थंडपणे तिला सुधारत राहते. एक चिमुरडी आणि एक हिशेबनीस, प्रत्येक ओळीत वेगळ्या ओळखू येतात.

आणि ही ती प्रसिद्ध आरोळी: 'कॅपिटलिझम, हो!' डोलकाठीवरच्या खलाशाला किनारा दिसला की तो ज्या सुरात ओरडतो, तो सूर. आम्ही मराठीत करून बघितलं. 'भांडवलशाही, हो!' दारात कोणी हाक मारल्यासारखं वाटतं. सोडून दिलं.

इंग्रजी आवृत्ती १० सप्टेंबर २०१०ला आली. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात आलेला हा जपानचा पहिला स्वतंत्र खेळ. जानेवारी २०११पर्यंत १ लाखावर प्रती खपल्या. मागून बऱ्याच जपानी हौशी गटांना ती वाट मिळाली.

(स्पेनमधल्या खेळाची दृश्यं, थोडक्यात.)

वंश पुढेही वाढला. स्पेनच्या डिजिटल सन या छोट्या स्टुडिओचा 'मूनलायटर' मे २०१८मध्ये आला. दिवसा दुकान, रात्री डंजन, नायकाचं नाव विल. तिथे मूळ किंमत दिसतच नाही. भाव लावायचा आणि गिऱ्हाइकाचा चेहरा वाचायचा. दिसायला सुंदर. पण तिथे तलवार स्वतः विलच चालवतो, त्यामुळे आपलं गिऱ्हाईक उद्या आपल्याच शेजारी लढेल, ही मजा त्यात नाही.

(पुन्हा रेसेटिअर. चौथ्या आठवड्याची अखेर.)

आमचा चौथा हप्ता. हवेत २ लाख. गल्ल्यात दीड.

(निवेदन नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यात राहणाऱ्या रेसेटचं दृश्य, १२ सेकंद.)

खेळ मग आपल्याला सुरुवातीला नेऊन सोडतो. पैसे गेले. दुकानदारीची पातळी आणि माल मात्र शिल्लक. दुसऱ्या खेपेला आम्ही लुईला आधीच चांगली तलवार दिली, भावाच्या बातम्या वहीत लिहून ठेवल्या, लहान मुलीसमोर आकडा खाली ठेवला.

(पाचव्या आठवड्याची शेवटची रात्र. रिकाम्या फळ्या. मग सकाळ.)

५ लाख भरले. त्यासाठी दुकानातलं होतं नव्हतं ते विकलं. आणि ही कर्ज फिटल्यानंतरची पहिली सकाळ. दार उघडलं. लुई आलाय. खिशात यावेळी चक्क पैसे आहेत, आणि त्याला नवी तलवार हवीय. फळीवर अक्रोडाचा एक पाव आहे.