जप्ती आली तरी तवा घरातच राहतो

श्रोतेहो, नमस्कार. कापूस अजून झाडावर आहे आणि दुकानाची उधारी थकली आहे, अशा दिवसांत जप्ती हा शब्द नुसता कानावर आला तरी घराला घाम फुटतो. म्हणून आज बोलतो, कोर्टाचा हुकूमनामा, म्हणजे पैसे फेडायचा निकाल, झाला तरी कशाला हात लावता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 सालची, तिचं कलम 60. लक्षात ठेवा, कलम साठ.

अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण सुटतं. धर्मरीतीने बाईला अंगावरून काढता येत नाही तो दागिना, म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र, तोही सुटतो. कारागिराची हत्यारं सुटतात. शेतकऱ्याची औजारं सुटतात, शिवाय पोटासाठी कोर्टाला आवश्यक वाटतील तेवढी गुरं आणि बियाणं. स्वतः शेती कसून मुख्यतः तिच्यावर जगणारा शेतकरी, मजूर, घरगडी, यांचं राहतं घरसुद्धा सुटतं.

मी नवा वकील होतो तेव्हाची गोष्ट, तापीकाठच्या एका गावातली. बियाणं-खताच्या दुकानदाराने शेतकऱ्यावर हुकूमनामा मिळवून दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, लावली होती. सकाळी जप्ती करणारे कोर्टाचे बेलीफ आले, दोन पंच आले आणि मागून दुकानदार. त्याच्याकडे एक स्टँपपेपर होता: ‘पैसे थकल्यास माझे घर, बैल, औजारे, भांडी जप्त करण्यास माझी हरकत नाही.’ खाली शेतकऱ्याचा अंगठा. दुकानदार तडक चुलीपाशी गेला आणि त्याने तवाच उचलला. चुलीशी बसलेली म्हातारी आजी म्हणाली, “भाऊ, तवा काबर लई जातस? भाकर कसावर करू?”

बेलीफ निवृत्तीला आलेले गृहस्थ. त्यांनी त्याच्या हातातून तवा घेतला, परत चुलीवर ठेवला आणि म्हणाले, “शेठ, हा माझ्या यादीत येत नाही.” दुकानदाराने कागद नाचवला. “तो साहेबांना दाखवा,” एवढंच बोलून ते पंचनामा लिहायला बसले. मोटारसायकल लिहिली, टीव्ही लिहिला. बैलजोडी आणि म्हैस शेतकऱ्याला किती गरजेची, हे ठरवणं कोर्टाचं काम, म्हणून तीही लिहिली, पण गोठ्यातून हलवली नाही; शेजाऱ्याच्या नावे सुपुर्दनामा केला, म्हणजे सांभाळायची जबाबदारी त्याच्यावर लिहून दिली.

आम्ही सातबारा जोडून हरकत घेतली. समोरच्या वकिलांनी तो स्टँपपेपर पुढे केला. न्यायाधीशांनी पुस्तक उघडून कलम 60 चं पोटकलम एक-अ वाचून दाखवलं: या कलमाची सूट सोडून देण्याचा करार रद्दबातल आहे. ऐका पुन्हा, अंगठा दिला असला, सही केली असली, तरी तो करार रद्दबातल. बैलजोडी सुटली. म्हैस मात्र सुटली नाही. पोट शेतीवर होतं, दूध वरकमाईचं, असं कोर्टाचं मत पडलं. म्हैस, मोटारसायकल, टीव्ही लिलावात गेले. दुकानदाराला काही पैसे मिळाले, आणि ते त्याच्या हक्काचेच होते.

त्या आजीची साक्षही झाली होती. साक्षीला उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाला पुस्तकी मराठी बोलायला लावणं मला मुळीच पटत नाही. अहिराणी जशीच्या तशी समजून लिहिणारा कारकून खान्देशातल्या प्रत्येक कोर्टात असलाच पाहिजे. असो.

आता महत्त्वाचं. जी वस्तू तुम्ही स्वतः गहाण किंवा तारण दिलीत, तिला त्या कर्जापुरती ही ढाल नाही. बँकेच्या कर्जावरचा ट्रॅक्टर, गहाण टाकलेलं घर, तिथे कलम 60 दाखवून भागत नाही. मजुराची मजुरी सुटते. नोकरदाराच्या पगारातले पहिले 1000 रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुटतात. म्हणजे 25,000 पगार असेल तर जास्तीत जास्त 8,000 कापता येतात. पोटगीचा हुकूम असेल तर हिशेब वेगळा. भविष्य निर्वाह निधी आणि आयुर्विम्याचे पैसेही सुटतात.

सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी जप्तीसाठी राहत्या घरात शिरता येत नाही. बेलीफ आले तर वॉरंट वाचायला मागा, भांडू नका, कोणती वस्तू का सुटते ते पंचनाम्यात लिहायला सांगा. कोर्टाचा कागदच नसताना सावकार किंवा त्याची माणसं दारातून बैल सोडून नेऊ लागली, तर ती जप्ती नव्हेच. पोलिसांना कळवा, आणि सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे लेखी तक्रार द्या. त्यासाठी 2014 चा सावकारी नियमन कायदा आहे.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून घरी बसू नका. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्हा न्यायालयांत विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. बायांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना तिथे उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. जाताना सातबारा आणि पंचनाम्याची नक्कल बरोबर न्या.