आधी कोण थांबणार?

मंडळी, विषय आहे राष्ट्राचे अग्रक्रम. पण आधी सभागृहात जे नोकरीत आहेत किंवा होते, त्यांनी आपली पगाराची स्लिप जरा डोळ्यांपुढे आणावी. एका बाजूला मूळ पगार, महागाई भत्ता, घरभाडं. दुसऱ्या बाजूला कपाती. त्या कपातींत, भविष्य निर्वाह निधी आणि आयकर यांच्या आसपास, एक किरकोळ ओळ असते. व्यवसाय कर, २०० रुपये. फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २५००. ही ओळ तिथे कशी आली, हे मी वर्गात वर्षानुवर्षं विचारत आलो. मुलांचं सोडा, स्टाफरूममध्येही उत्तर यायचं नाही, आणि आम्ही तर अर्थशास्त्र शिकवत होतो.

ती ओळ आली १९७५ मध्ये, रोजगार हमीसाठी.

बहात्तरच्या दुष्काळात मी सात वर्षांचा होतो. इंदापूर तालुक्यात आमचं गाव. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. मुकादम मस्टरवर नाव घ्यायचा, पण पैसे हजेरीवर नव्हते, फोडलेल्या खडीवर होते. ढीग मोजून ब्रासचा हिशेब व्हायचा. दुपारी सुकडी, म्हणजे पौष्टिक पिठाचा खाऊ, मिळायची आणि आम्ही पोरं तेवढ्यासाठी कामावर जाऊन बसायचो. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी. त्याची भाकरी थापताना आई जे बोलायची ते इथे सांगण्यासारखं नाही.

दुष्काळ संपला की अशी कामं बंद होतात, तशी रीतच आहे. महाराष्ट्राने ती मोडली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना साधी होती : ग्रामीण भागात जो काम मागेल, त्याला काम द्यायचं. पण हमी म्हणजे नुसतं आश्वासन नव्हे, पैसे लागतात. ते कुणी द्यायचे? शहरातल्या पगारदाराने, व्यापाऱ्याने, डॉक्टरने, वकिलाने. करातून जेवढे जमतील तेवढीच भर सरकारने घालायची. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. कामं सगळी चांगली झाली असं मी म्हणणार नाही. पहिल्या पावसात वाहून गेलेले रस्ते मी पाहिलेत आणि मस्टरवर मेलेल्या माणसांची हजेरीही ऐकली आहे. तरी ही योजना टिकली आणि २००५ च्या केंद्राच्या कायद्याला तिचाच नमुना होता. टिकली, कारण पैसे कुणाच्या खिशातून येणार हे आधी ठरलं होतं.

राष्ट्राचे अग्रक्रम म्हटलं की आपल्याकडे यादी वाचून दाखवतात. शिक्षण, आरोग्य, शेती, संरक्षण, उद्योग, पर्यावरण, सगळं पहिलं. लग्नाच्या पंगतीत सगळेच पहिल्या पंक्तीला बसायचं म्हणाले तर वाढप्याने काय करावं? ज्याच्यासाठी कुणी थांबणार नाही आणि कुणी पैसे मोजणार नाही, त्याला मी अग्रक्रम म्हणत नाही.

हे पुण्याला नवं नाही. १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिलं, ते अर्थसंकल्पावरचं भाष्य म्हणूनही वाचता येतं. सारा भरतो रयत आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, ही त्यांची तक्रार. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही मागणी.

त्यानंतर गोपाळ कृष्ण गोखले. मार्च १९११ मध्ये त्यांनी कलकत्त्याला केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. फार मवाळ विधेयक होतं हो. सहा ते दहा वयाची मुलं, तीही आधी फक्त मुलगे, आणि सक्ती कुठे लागू करायची ते स्थानिक संस्थांनी ठरवायचं. पण गोखल्यांनी हिशेबही मांडला : खर्चाचे दोन तृतीयांश सरकारने, एक तृतीयांश स्थानिक संस्थांनी, गरज पडली तर शिक्षणपट्टी बसवून. पुढच्या वर्षी मतदान झालं. बाजूने १३, विरोधात ३८. पैसे देणाऱ्याचं नाव घेतलं की विरोधक गोळा होतात, हा त्यातला धडा आहे. दरम्यान बडोद्याला सयाजीरावांनी सक्तीचं शिक्षण चालूही केलं होतं, म्हणजे अशक्य होतं असं नाही.

स्वातंत्र्यानंतर आपण उलटं केलं. राज्यघटनेच्या ४५ व्या कलमात चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण दहा वर्षांत देण्याचं लिहिलं, म्हणजे १९६० पर्यंत. ती मुदत संपली ऐन दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत. याच योजनेत भिलाई, राउरकेला, दुर्गापूरचं पोलाद उभं राहिलं. त्या कारखान्यांना हसणाऱ्यांत मी नाही. यंत्रं बनवणारी यंत्रं आपल्याकडे हवीत, हा विचार चुकीचा नव्हता. पण पोलादाला मुदत होती आणि पैसाही होता. शाळेला फक्त मुदत. कोठारी शिक्षण आयोगाने साठच्या दशकात सांगितलेले राष्ट्रीय उत्पन्नाचे ६ टक्के शिक्षणाला अजून मिळालेले नाहीत. शिक्षणहक्काचा कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० ला. हिशेब करा, पन्नास वर्षं उशीर. त्या पन्नास वर्षांत शाळा सुटलेली माणसं आज माझ्या वयाची आहेत. आमच्या आळीतली निम्मी.

बरं, क्रम कागदावर लिहिला म्हणजे झालं, असंही नाही. २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्यानंतर पाणी आधी उद्योगाला, मग शेतीला होतं. ओरड झाली, २०११ मध्ये शेती दुसरी आणि उद्योग तिसरा झाला. छान. पहिला नंबर पिण्याचा, त्यावर कुणाचंच दुमत नाही. पण पुणे महापालिका खडकवासला धरणातून उचलते त्या सगळ्याला आपण ‘पिण्याचं पाणी’च म्हणतो. सकाळी सोसायटीत पाइप लावून गाड्या धुतात, तेही पिण्याचंच. शहर मंजूर कोट्यापेक्षा जास्त पाणी उचलतं, हे कालवा समितीच्या बैठकीत पुन्हा पुन्हा निघतं. आकडे वाचले जातात, चहा होतो.

मी आता हडपसरला राहतो, कालव्याच्या अगदी कडेला. हाच कालवा पुढे दौंड, इंदापूरकडे जातो. माझ्या चुलतभावाची जमीन पार टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, आहे. एप्रिल लागला की त्याचा फोन येतो. तब्येत, पोरंबाळं, सगळं विचारून झाल्यावर हळूच म्हणतो, “दादा, सुटलं का रे?” मी फोन हातात धरून गॅलरीत जातो आणि खाली कालव्यात किती ओल आहे ते बघून त्याला सांगतो.