वायद्याचा महिना कोणता निवडावा?

नमस्कार. भाव वर जाईल की खाली, यावर आपण आठवडाभर विचार करतो. वायदा, म्हणजे पुढच्या ठरावीक तारखेला आज ठरलेल्या भावाने घेण्या-देण्याचा करार, चालू महिन्याचा घ्यायचा की पुढच्या, हे मात्र ऑर्डर टाकताना दोन सेकंदांत ठरवून मोकळे होतो. आज या दोन सेकंदांविषयीच बोलायचे आहे, आणि त्यासाठी २० एप्रिल २०२० या दिवसाकडे जायचे आहे.

त्या दिवशी न्यूयॉर्कच्या नायमेक्स या वायदे बाजारात डब्ल्यूटीआय या अमेरिकी कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा बॅरलला उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला, हे अनेकांना आठवत असेल. त्याच तेलाचा जूनचा वायदा त्याच दिवशी २०.४३ डॉलरवर होता, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. तेल तेच, बाजार तोच, फक्त महिना वेगळा. मेचा वायदा दुसऱ्याच दिवशी संपत होता, आणि तो शेवटपर्यंत हातात ठेवणाऱ्याला ओक्लाहोमातील कुशिंग येथे प्रत्यक्ष तेल उचलावे लागणार होते. टाळेबंदीमुळे मागणी आटलेली, टाक्यांत जागा मिळणे दुरापास्त. त्यामुळे ज्यांच्यापाशी साठवणुकीची सोय नव्हती, त्यांना पदरचे पैसे देऊन सौदा कापावा, म्हणजे बंद करावा लागला.

याची झळ मुंबईपर्यंत पोहोचली. एमसीएक्स या मुंबईच्या वायदे बाजारात आपण ज्याला ‘एप्रिल’चा वायदा म्हणत होतो, त्याचा अंतिम भाव नायमेक्सच्या याच ‘मे’ वायद्यावरून ठरणार होता, कारण आपल्याकडे कच्च्या तेलाच्या वायद्याला तो संपतो त्या महिन्याचे नाव मिळते, तर तिकडे माल द्यायचा असतो त्या महिन्याचे. टाळेबंदीमुळे एमसीएक्स तेव्हा संध्याकाळी पाचलाच बंद होत असे. पाच वाजता भाव बॅरलला ९६५ रुपयांच्या आसपास होता; मध्यरात्री न्यूयॉर्कचा भाव ठरला आणि आपल्याकडचे सेटलमेंट, म्हणजे सौद्याची अखेरची मिटवणी, उणे २,८८४ रुपयांना झाले. एक लॉट, म्हणजे एका सौद्यातील किमान माल, १०० बॅरलचा असतो. म्हणजे ‘आता याहून आणखी किती पडणार’ असे म्हणत ९६५ ला एक लॉट घेतलेल्या माणसाचे ३,८४,९०० रुपये गेले, तेही बाजार बंद असताना. एमसीएक्सचा मेचा वायदा घेतलेल्यालाही फटका बसला असेल, परंतु दुसऱ्या दिवशी बाजार उघडल्यावर सौदा कापायला त्याला निदान वाव होता.

म्हणूनच माझा पहिला प्रश्न ‘भाव कुठे जाईल’ हा नसून ‘हा वायदा संपतो कधी आणि कसा’ हा असतो. एनएसई या शेअर बाजारात निफ्टी निर्देशांकाचे आणि शेअरचे एकेका महिन्याचे तीन वायदे एकाच वेळी चालू असतात, आणि सप्टेंबर २०२५ पासून ते शेवटच्या गुरुवारऐवजी शेवटच्या मंगळवारी संपतात. निफ्टीचा व्यवहार रोखीत मिटतो. शेअरच्या वायद्यात मात्र ऑक्टोबर २०१९ पासून शेवटपर्यंत थांबणाऱ्याला प्रत्यक्ष शेअर द्यावे किंवा घ्यावे लागतात, आणि पूर्ण लॉटच्या शेअरची किंमत भरायची म्हणजे मार्जिनच्या (सौद्यासाठी ठेवलेल्या अनामत रकमेच्या) कित्येक पट रक्कम उभी करायची. एमसीएक्सवरील एक किलो सोन्याच्या वायद्यातही डिलिव्हरी सक्तीची आहे. त्यात आणखी एक खाचखळगा असा, की जूनचा वायदा साधारणपणे ५ जूनलाच संपतो; ‘जून’ हे नाव वाचून अख्खा महिना हाताशी आहे असे समजू नये.

मग लांबचा महिना घेऊन निश्चिंत व्हावे का? येथे दुसरी अडचण येते. उदाहरणादाखल एक शेअर समजा, ज्याचा लॉट ७०० शेअरचा आहे. चालू महिन्यात खरेदीदार १,४१२.१० देतो आहे आणि विक्रेता १,४१२.३० मागतो आहे. तिसऱ्या महिन्याच्या वायद्यात हेच आकडे १,४१८ आणि १,४२४ असे दिसतात. घेतल्या घेतल्या विकायचे ठरवले, तर पहिल्या ठिकाणी १४० रुपये जातील आणि दुसऱ्या ठिकाणी ४,२००. मी स्वतः एकदा मोबाइलवर घाईने तिसरा महिना निवडला होता. ऑर्डर तत्काळ पूर्ण झाली म्हणून हरखलो, आणि विकायला गेलो तेव्हा समोर कोणी गिऱ्हाईकच नव्हते. तेव्हापासून भावाआधी मी त्या महिन्याचा ओपन इंटरेस्ट (अजून न मिटलेले सौदे), दिवसभराचे व्हॉल्यूम (उलाढाल) आणि खरेदी-विक्रीतील अंतर पाहतो.

पुढच्या महिन्याचा भाव चढा दिसला म्हणजे बाजारात तेजी आहे, असाही एक गैरसमज आहे. निफ्टी २५,००० असेल आणि व्याज वार्षिक ६ टक्के धरले, तर तीस दिवसांचे सुमारे १२३ अंक आणि साठ दिवसांचे सुमारे २४७ अंक भावात नुसत्या व्याजापोटी चढतात. मधल्या काळातील लाभांश त्यातून वजा होतो. वायदा संपेपर्यंत हा चढ विरतो, म्हणून निफ्टी जागच्या जागी राहिला तरी तेजीवाल्याचे तेवढे नुकसान होते.

तुमचा अंदाज खरा ठरायला किती दिवस लागतील, यावर बाकीचे अवलंबून आहे. कंपनीचा निकाल एक्सपायरीनंतरच्या, म्हणजे वायदा संपल्यानंतरच्या आठवड्यात असेल, तर चालू महिन्याचा वायदा घेण्यात अर्थ नाही; रोलओव्हर करताना, म्हणजे चालू महिन्याचा सौदा कापून पुढच्या महिन्याचा घेताना, दलाली, कर आणि भावातील अंतर यांचा भुर्दंड पडतो. रोलओव्हर करणे भागच असेल, तर दोन्ही महिन्यांचा ओपन इंटरेस्ट शेजारी शेजारी ठेवून रोज पाहावा. पुढच्या महिन्यातील खरेदी-विक्रीचे अंतर चालू महिन्याइतकेच अरुंद झाले, की त्याच दिवशी सौदा पुढे न्यावा. मंगळवारच्या दुपारपर्यंत थांबलात, तर ब्रोकर वाढीव मार्जिन मागत असतो आणि चालू महिन्यातली गर्दी एव्हाना पांगलेली असते.