कपाट आवरायची रात्र

श्रोतेहो, नमस्कार.

उद्या सबमिशन आणि आज रात्री अकराला घरातलं पोर कपाट आवरायला बसलंय, असं तुमच्याकडे झालंय का? वर्षभर ज्या कपाटाकडे ढुंकून पाहिलं नाही, ते नेमकं त्याच रात्री आठवतं. आई म्हणते, "आळशी कुठला!" पण आळशी माणूस अकरा वाजता कपाट कशाला आवरेल?

ही चालढकल म्हणजे मनाने काढलेली पळवाट. प्रोजेक्टची फाईल उघडली की पोटात गोळा येतो, बंद केली की लगेच बरं वाटतं. त्या बरं वाटण्याचीच सवय लागते. अमेरिकेत सॉलोमन आणि रॉथब्लम या संशोधकांनी 1984 मध्ये विद्यार्थ्यांच्या चालढकलीची कारणं तपासली. त्यांत दोन ठळक निघाली: कामाची नावड आणि अपयशाची भीती.

भीतीचं गणित मोठं मजेशीर असतं बरं का. शेवटच्या रात्री खरडून मार्क कमी पडले, तर 'वेळच मिळाला नाही' म्हणता येतं. महिनाभर राबून कमी पडले, तर बोट थेट अकलेकडे वळतं. नाचता येईना अंगण वाकडं, हे आपण ऐकलंय. इथे अंगण आधीच वाकडं करून ठेवलेलं असतं. त्यात घरातून पदवीपर्यंत पोचलेलं ते पहिलंच पोर असेल, तर विचारूच नका.

वरळीची अभ्यास गल्ली ठाऊक असेल तुम्हाला. बीडीडी चाळीतल्या 160 चौरस फुटांच्या खोलीत पुस्तक उघडायला जागा नसे, म्हणून मुलं त्या गल्लीतल्या दिव्यांखाली बसत. शेजारचा वाचतोय म्हटल्यावर आपल्याला उठायची लाज वाटे. आता रात्री बाराला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रश्न येतो, "कुणाचं झालं?" "माझं पण नाही!" की सगळे निवांत. मोबाइलपेक्षा मला हा निवांतपणा जास्त घातक वाटतो.

कॅनडातल्या 2010 च्या एका अभ्यासात मात्र वेगळंच दिसलं. पहिल्या परीक्षेआधी टंगळमंगळ केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेला ती कमी केली. मला आधी पटेना. आमची पिढी टोमण्यांवर वाढलेली. पण टोमण्याने फाईल आणखी नकोशी होते, एवढं तर उघड आहे. तेव्हा आज तुमच्या घरात कपाट आवरायला निघालं, तर शेजारी बसून एवढंच विचारा: कुठल्या पानावर अडलंय रे?