उंबरावरून खाली

(ख्रिस्ती उपवासकाळात पुण्यातल्या गुरुवार पेठेत झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, मी काही धर्मोपदेशक नाही. छत्तीस वर्षं लोकांच्या हिशेबाच्या वह्या तपासल्या. येशूच्या शिकवणुकीला प्रामाणिक प्रतिसाद कसा द्यायचा, यावर बोला म्हणून निरोप आला, तेव्हा माझ्यासमोर एकच माणूस उभा राहिला. शुभवर्तमानांत येशूला भेटून कोणी रडतं, कोणी जाळी टाकून मागे जातं, कोणी वाद घालतं. आकडे बोलणारा मात्र हा एकटाच. जक्कय.

लूकने लिहिलेल्या शुभवर्तमानाच्या १९ व्या अध्यायात सुरुवातीच्या दहा ओव्यांत त्याची सगळी गोष्ट आटोपते. यरीहो गावचा हा मुख्य जकातदार. आपल्याकडे २०१३ साली जकात गेली, तरी बसथांब्यांची नावं अजून ‘जकात नाका’च आहेत, तेव्हा या शब्दाचा वास तुम्हाला वेगळा सांगायला नको. रोमन राज्यात नाक्यांचा मक्ता दिला जाई. ठरलेली रक्कम सरकारात भरायची, तिच्यावर जे निघेल ते मक्तेदाराचं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात आपल्याकडे महसुलाचा इजारा देत, त्यातलाच हा प्रकार. वर काढणं हा गुन्हा नव्हता, धंदाच होता. आणि गंमत अशी की ‘जक्कय’ या हिब्रू नावाचा अर्थ निर्मळ. गावात कोणी त्याला नावाने हाक मारत असेल, तर ऐकणारे गालातल्या गालात हसत असतील.

हा माणूस बुटका. येशू गावातून चाललाय, गर्दी झालेली, आणि गर्दीतल्या कोणालाही याला वाट द्यायची इच्छा नाही. म्हणून तो पुढे पळतो आणि झाडावर चढतो. मराठी बायबलात हे झाड उंबर आहे. मूळचं झाड अगदी आपला उंबर नव्हे, पण त्याचंच भावंड. त्यालाही फळं थेट खोडाला आणि जाड फांद्यांना लागतात, फांद्या खालपासून फुटतात, चढायला सोपं. भाषांतर करणाऱ्याने शब्द फार छान निवडलाय. लहानपणी मला येशूची ही गोष्ट आमच्या वाड्यामागच्या दत्ताच्या देवळापाशीच घडली असं वाटायचं, आणि खरं सांगू, अजूनही डोळ्यांपुढे तोच पार येतो.

आता आपण सगळे या झाडावर आहोत. १८७५ पासून हे शहर वसंतात व्याख्यानं ऐकतंय. आपल्याला ऐकायला आवडतं, मान डोलवायला आवडते. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनावर पुण्यात कुठल्याही धर्माचा माणूस तुम्हाला अर्धा तास चांगलं बोलून दाखवील. आम्ही ख्रिस्ती तर वरच्या फांदीवर, कारण आमची जागा पिढ्यान् पिढ्या राखीव. वरून दिसतंही उत्तम, धूळ लागत नाही. जक्कय चढला यात वाईट काहीच नाही. चढला नसता तर भेटच झाली नसती. पण येशू झाडाखाली थांबून त्याला काय म्हणतो? लवकर खाली ये, आज मला तुझ्या घरी उतरायचंय.

मराठीने इथे एक देणगी दिली आहे. झाडावरून उतरणं आणि पाहुणा म्हणून एखाद्याकडे उतरणं, दोन्हीला आपण एकच शब्द वापरतो. तो खाली उतरला म्हणून हा त्याच्या घरी उतरला. मूळ ग्रीकमध्ये हा खेळ नाही, पण आपल्याला मिळालाय तर का सोडायचा?

गर्दीचं म्हणणंही ऐका. ही कुरकुर येशूच्या शिकवणुकीबद्दल नाही. हा पापी माणसाच्या घरी उतरायला गेला, एवढीच तक्रार. कोण कोणाकडे जेवला! ही कुरकुर या पेठेला चांगली ओळखीची आहे. इथून चालत पाच मिनिटांवर पंचहौदाचं पवित्र नाम देवालय आहे, त्याचा घंटामनोरा तुम्ही येताना पाहिला असेल. १८९० मध्ये तिथल्या मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं पुढे आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि गावात ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभं राहिलं. प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. व्याख्यानात काय सांगितलं, हे आज कोणाच्या लक्षात नाही. चहा लक्षात आहे! मला वाटतं गर्दीला नेमकं कळतं. विचार ऐकून काही बदलत नाही, एकमेकांच्या घरी उतरलं की बदलतं, हे कुरकुरणाऱ्यांना आपल्यापेक्षा आधी समजतं.

मग जक्कय उभा राहून बोलतो. माझं अर्धं द्रव्य गरिबांना देतो, आणि कोणाचं काही अन्यायाने घेतलं असेल तर ते चौपट परत करतो. इथे पंडितांचा एक जुना वाद आहे. मूळ क्रियापद वर्तमानकाळी आहे. मग तो आधीपासूनच देत होता, की आता देणार होता? मराठीत हा वाद सोडवायला कोणी जाऊच नये. ‘देतो’ हे आपलं मोठं लबाड क्रियापद. रोज देणारा ‘देतो’ म्हणतो, उद्या देणारा ‘देतो’ म्हणतो आणि कधीच न देणारा तर सर्वांत गोड आवाजात ‘देतो ना’ म्हणतो. म्हणून मी त्याच्या काळाकडे बघत नाही, आकड्याकडे बघतो. मोशेच्या नियमशास्त्रात, ‘गणना’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात, अपराध कबूल करून परत करणाऱ्याने मुद्दल आणि वर एक पंचमांश द्यावा असं आहे. चौपट ही मेंढरू चोरून कापणाऱ्या किंवा विकणाऱ्यासाठीची भरपाई. जक्कयला एकपंचमांशात सुटता आलं असतं. त्याने स्वतःला चोराच्या रकान्यात बसवलं.

शेजारच्याच १८ व्या अध्यायात एक श्रीमंत अधिकारी येतो. त्याला येशू सगळं विकायला सांगतो, आणि तो खिन्न होतो. जक्कयला येशू काहीच सांगत नाही. हा अर्ध्यावर थांबतो, तरी आज या घराला तारण झालं आहे, असं येशू म्हणतो. म्हणजे टक्केवारी सगळ्यांना एक नाही. कर सल्लागार म्हणून मला हे फार अस्वस्थ करतं, कारण मग कोष्टक मागायचं कोणाकडे?

उतरणं म्हणताना पंडिता रमाबाईंना वगळून पुण्यात बोलता येत नाही. त्यांची ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ही बिरुदं त्यांच्या संस्कृतच्या व्यासंगाला मिळालेली. १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, १८९० मध्ये शारदा सदन मुंबईहून पुण्यात आणलं. पुढे सदनातल्या मुलींच्या धर्माचा वाद पेटला, अनेकांनी मुली काढून नेल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात बाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी विधवा, पोरक्या मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे दिवस, एवढ्या मुली शहरात ठेवता येईनात, म्हणून केडगावचं मुक्ती मिशन. सोलापूरच्या गाडीने जाताना ते स्टेशन लागतं. हे बहुतेकांना माहीत असतं. मला त्यापेक्षा नंतरचं काम जास्त मोठं वाटतं. प्रचलित मराठी बायबल खेड्यातल्या बाईला कळत नाही, हे त्यांना बोचत होतं. म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी स्वतः सोप्या मराठीत भाषांतर केलं, १९२२ मध्ये डोळे मिटेपर्यंत ते काम चालू ठेवलं, आणि छपाई मुक्ती मिशनमधल्याच बायकांनी केली. काशीच्या पंडितांपुढे टिकेल अशी भाषा येणारी बाई मुद्दाम त्या फांदीवरून खाली आली. एकेक शब्द उतरवत आली.

आता माझी वही. दुसऱ्याच्या वह्यांवर एवढं बोललो, तेव्हा आपली झाकून ठेवणं बरं नाही.

२०२० च्या टाळेबंदीत आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशींना सोसायटीत यायला बंदी होती. तीन महिने त्या आल्या नाहीत, मी पैसे दिले नाहीत. महिना अडीच हजार. काम नाही तर दाम नाही, हिशेबाला चोख. त्याच तीन महिन्यांत मी दर रविवारी मोबाइलवर मुलांचा शब्बाथ वर्ग घेत होतो. वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याचा पाठ तर चित्रं दाखवून घेतला. मुलं खूश.

दोन वर्षांनी, असाच उपवासकाळ होता, जक्कयवर बोलायची पाळी माझ्यावर आली. तयारी करताना गणनाचा तो नियम पुन्हा वाचला. साडेसात हजार मुद्दल, एकपंचमांश दीड हजार. नऊ हजार रुपये पाकिटात घातले. चौपट म्हणजे तीस हजार होतात, हेही मांडून पाहिलं होतं. लपवत नाही. पंचमांश बरा वाटला.

मावशींनी ओट्यापाशी हात पुसून पाकीट उघडलं. नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या.

“काका, हे कशाचे?”

मी सांगितलं, टाळेबंदीतल्या तीन महिन्यांचे.

“त्याचे तर साडेसात होतात.”

वरचे दीड हजार व्याजासारखे धरा, म्हटलं. शास्त्रात तसं लिहिलंय.

त्यांनी पाकीट कमरेला खोचलं आणि भांड्यांकडे वळल्या. नळ सोडता सोडता म्हणाल्या, “म्हणजे तेव्हापासून लक्षात होतं तुमच्या.”