वेढ्यातले सूर : नाकेबंदीतला गोवा

(दृश्य : कुळें स्थानक, घाटाकडे जाणारे रूळ)

मुरगावहून निघालेला हा लोहमार्ग कुळ्याहून घाट चढतो आणि तेव्हाच्या हद्दीपलीकडच्या कॅसलरॉकला पोचतो. 1955 साली, गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात असताना, ही वाहतूक थांबली. त्या वर्षी 15 ऑगस्टला पोर्तुगिजांनी सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या आणि वर्षभर आवळत आणलेली भारताची नाकेबंदी पुरती घट्ट झाली. हद्दीवरच्या पत्रादेवीला पहारा बसला. मुंबईहून गोव्यातल्या घरी पैसे धाडायला बंदी आली. कितीतरी घरांची चूल त्याच पैशांवर पेटत होती.

गोव्याला स्वतःचा तांदूळ आधीही पुरत नव्हता. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, कोरगुट हा खाऱ्या जमिनीतला भात पिकायचा, तोही बांध आणि मानस, म्हणजे पाणी अडवणारं दार, शाबूत राहिली तर. मानशीचं दार गळलं की खारं पाणी आत आणि पीक गेलं. आता तांदूळ पाकिस्तानातून जहाजाने येऊ लागला, बटाटे हॉलंडचे, चहा सिलोनचा, सिमेंट जपानचं. 1958 पासून रुपिया या गोव्यातल्या पोर्तुगीज चलनाच्या जागी एस्कुद आला : 1 रुपियाचे 6 एस्कुद. लोखंडाच्या खनिजाची निर्यात वाढली आणि चोरवाटाही चालू राहिल्या, त्यामुळे बाजार ओस पडला नाही. पण त्या मालात नाटकवाल्याला हवं ते असेलच, असं नव्हतं.

(दृश्य : उघडलेली पायपेटी, म्हणजे पायाने भाता चालवायची हार्मोनियम, सुरांची रांग)

ही पेटी बघा. साडेतीन सप्तकांच्या 42 पट्ट्या. सूर दुहेरी असतील तर आत पितळेच्या 84 पात्या. पाती म्हणजे रीड. समुद्रकाठच्या दमट हवेत तिच्यावर हिरवा गंज चढतो आणि सूर उतरतो. टोकाकडे अलगद कानस फिरवली की सूर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो. हे काम गावातला जाणता माणूस करू शकतो. पण पाती मोडली तर नवीच हवी, आणि नावाजलेल्या पात्या घडायच्या गुजरातेत, पालिताण्याला. मधे बंद नाका. एक सूर मुका झाला की गायकाला गाण्याची पट्टी, म्हणजे मूळ सूर, बदलावी लागते, नाहीतर ती जागा टाळून गावं लागतं.

दिव्याचंही तसंच. देवळासमोरच्या रात्रीच्या नाटकाला गॅसबत्ती लागते. आधी स्पिरिटने नळी तापवायची, मग हवा भरायची. नळी नीट तापली नाही तर घासलेट वाफ न होताच जळतं, ज्योत पिवळी पडते आणि काच काळवंडते. ज्योतीवरची, उजेड देणारी जाळी एकदा जळली की नुसती राख, बत्ती हलवताना धक्का बसला की ती गळून पडते. बरोबर दुसरी जाळी नसेल तर खेळ अंधारात.

दशावतारी नाटकाला याहून मोठी अडचण, कारण तिथे माणसंच पलीकडची. वेंगुर्ला, कुडाळ, सावंतवाडी हा त्याचा मूळ मुलूख, आणि त्याला लागून आपलं गोव्यातलं पेडणं. एका खाडीचं, एका डोंगराचं अंतर, पण आता ती परक्या देशाची हद्द. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर ही गोव्याचीच नावं. त्यांचंही गाणं तेव्हा मुंबईत होतं.

(दृश्य : चतुर्थी, गणपतीवर टांगलेल्या माटोळीखाली आरती)

आता घुमट हे वाद्य. याचं काहीच बाहेरून येत नाही, म्हणून या कहाणीत आम्हाला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. दोन तोंडांचं मातीचं भांडं, कुंभाराने घडवून भाजलेलं. मोठ्या तोंडावर घोरपडीचं ओलं कातडं ताणायचं, काठाखाली सुतळीने आवळायचं आणि सावलीत वाळवायचं. उन्हात ठेवलं तर ते एका बाजूने आधी आकसतं आणि फाटतं. उजव्या हाताची बोटं कातड्यावर. डावा तळवा लहान तोंड झाकतो, उघडतो, त्यातून घुमारा खाली-वर होतो. चतुर्थी भर पावसात येते, कातडं सैल पडतं, म्हणून आरतीआधी ते विस्तवावर धरून शेकतात. जवळ नेलं तर करपतं. हात भाजणार नाही इतकं लांब धरायचं. जोडीला समेळ हा ढोल आणि झांज, डोक्यावर माटोळी, तीही रानातल्या फळांची आणि नारळ-सुपारीची. नाकेबंदी यातल्या कशालाच अडवू शकत नव्हती.

19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला आणि वाटा पुन्हा खुल्या झाल्या. पुढे 1972 च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळालं. आता घुमटाला बकऱ्याचं कातडं चढतं. ते जाड असतं, म्हणून तासून पातळ करावं लागतं.